पूर्ण परवानगीचा आहेर

कारंजा (घाडगे), जून २००९

चि. सौ. रक्षास बाबांचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. आईचा गुडघा तेवढा आमच्यावर रुसलेला आहे. पुण्याचं पाणी तुला मानवलं का? जावईबापूंना नमस्कार सांग (पत्र मात्र दाखवू नकोस, कारण पुढे कळेल).

लग्नाआधी तू बियाण्याच्या दोन्ही दुकानांचा कारभार इंटरनेटवरच्या भाड्याच्या कॉम्प्युटरवर चढवून दिलास. कारंजाचं खातं वेगळं, आंजीचं वेगळं, बिलंही वेगळी. कोणी काय उघडावं तेही ठरवून दिलंस. परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, दोन्ही बिलं एका ठिकाणी घ्या अन् माझं नाव काढून टाका. माणसामागं भाडं पडते." त्याच दिवशी बसलो. पण परवानग्यांचं पान उघडलं आणि माझ्यातला वधूपिता जागा झाला. साऱ्यांची नावं आहेत आणि जावयाचं नाही! लग्नाला वर्ष झालं नाही तोच हा अपमान? देऊन टाकली पूर्ण परवानगी.

हे तुझ्या मोठ्या बाबांना कळलं. आमचे हे थोरले भैयाजी दुकानात आले आणि खुर्ची दिली तरी उभेच राहिले (म्हणजे प्रकरण गंभीर). "काऊन रे, जावयाले पूरी चाबी अन् मले नुसतं पाह्याले?" मोठ्या भावाला उपाशी उठवायचं का पंगतीतून? त्यांनाही दिली. त्यांनी चाबी चालते का हे बघायला एक बटण दाबलं आणि ऐन पेरणीत आंजीचं खातं बंद! तिथे आपला हरिदास दिवसभर हातानं पावत्या फाडत बसला आणि गिऱ्हाइकांची बोलणी खात राहिला.

जावईबापूंनी पुण्याहून खातं चालू केलं. पण माणूस शिस्तीचा. पूर्ण परवानगी स्वतःपुरती ठेवून आम्हा दोघा भावांना फक्त बघण्यापुरतं ठेवलं. आता मी माझंच दुकान काचेबाहेरून बघतो. परत मागू कशी? जावयाला द्यायचं असतं, मागायचं नसतं. तेव्हा तुझं नाव काढणं माझ्या हाती राहिलं नाही, नाइलाज आहे.

तुझे बाबा

ता. क. आत्ताच जावईबापूंचा फोन आला. न मागता सगळं परत केलं. गुणी पोरगा आहे. बिलं एकत्र झाली. तुझं नाव काढायचं बटणही समोरच आहे. माझ्यानं दाबवत नाही.

आणखी एक. तुझ्या नावाचं भाडं मी भरीन. तू फक्त अधूनमधून खातं उघडत जा, काम काही करू नकोस. तुझ्या नावापुढे हिरवा ठिपका लागला की आई दुखरा गुडघा विसरून कॉम्प्युटरपाशी येते अन् म्हणते, "पोरगी आली जी. चहा मांडू काय?"