सासऱ्यांच्या फोटोमागचा पाहुणचार

आदरणीय दादा यांना,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यापासून मी सगळ्यांनाच वाकून नमस्कार करतो, तरी तुम्हाला केलेला खास समजावा.) तुमची साखर, वहिनींचा गुडघा आणि तुमचा राग, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. तिसऱ्याची जरा जास्तच.

तुमचं पत्र पोचलं. ‘सासऱ्यांवर इतकी माया करणारा जावई मी पाहिला नाही’ हे वाक्य मी हिला दोनदा वाचून दाखवलं. दुकानात नजर तपासायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना अक्षरांच्या तक्त्याऐवजी तेच वाचायला द्यावं, असंही मनात आलं. पण पुढच्याच ओळीत तुम्ही म्हणता की शाळेच्या सभागृहात बाबांचा फोटो लागणार आहे आणि आमच्या बैठकीतला मोठा फोटो न्यायला रविवारी माणूस येईल. दादा, हात जोडतो, पण तो फोटो जागचा हलणार नाही. त्याच्यामागे पालीची दोन अंडी आहेत.

आता तुम्ही म्हणाल, चष्मे विकता विकता याचं डोकं फिरलं. तर ऐका. डॉक्टर म्हणाले छंद लावून घ्या, म्हणून मी जुना कॅमेरा घेतला. लोक वाघाच्या मागे रानोमाळ हिंडतात. मला माझी कंबर दुकानापलीकडे जाऊ देईना. म्हटलं, आपला वाघ आपल्या ट्यूबलाइटखाली. दुकानातलं एक जाड भिंग कॅमेऱ्याला चिकटपट्टीनं लावलं आणि पहिल्यांदा पालीचा डोळा पाहिला. अहो, काय डोळा! उभी बाहुली, सोन्याची झाक, आणि पापणीच नाही. धूळ बसली की बाईसाहेब जीभ काढून स्वतःचा डोळा स्वतः पुसतात! मी जन्मभर गिऱ्हाइकांना काच पुसायची फडकी फुकट वाटतोय आणि तरी लोक शर्टाला पुसतात. त्या दिवसापासून मला या जनावराबद्दल आदरच वाटायला लागला.

या पालीची शेपटी एकदा तुटून पुन्हा फुटलेली, त्यामुळे चारचौघींत ओळखू येते. तुमची बहीण तिला ‘तुमची ती’ म्हणते. ‘अहो, तुमची ती आली बघा,’ असं ती एकदा जिन्यातून ओरडली, आणि खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंनी माझ्याशी बोलणंच टाकलं. वर हिचा हात हातात घेऊन ‘धीर सोडू नकोस’ म्हणाल्या.

एका संध्याकाळी ती खिडकीच्या काचेवर बाहेरून बसली होती. पोटाची कातडी इतकी पातळ की आत वाटाण्याएवढी दोन पांढरी अंडी शेजारी शेजारी दिसली. श्वास रोखून फोटो काढला. मी काढला, दादा, मी! (मी नाव घातलेल्या फोटो मंडळाच्या सेक्रेटरींनी तो उलटा धरून ‘ढग छान आलेत’ म्हटलं. गाढवाला गुळाची चव काय!) मग तिनं घरभर फिरून जागा पाहिली आणि बाबांच्या फोटोमागे, चौकटीच्या खालच्या पट्टीवर, अंडी घातली. पाल एकदा अंडी घालून मोकळी झाली की मागे वळून बघत नाही. म्हणजे अंडी तिची आणि घोर माझा. त्यातून पुस्तकात वाचलं की अंडं फिरलं तर आतला जीव दगावू शकतो.

आणि नेमका रंगारी आला. म्हणाला, फोटो उतरवा. मी म्हटलं, आधी मला उतरव! ‘बाबांना धक्का लावायचा नाही!’ असा मी जो ओरडलो, तो ऐकून ही बाहेर आली. डोळ्यांत टचकन पाणी. अशा वेळी ‘बाबा नव्हेत, अंडी’ असं सांगायला मी काय दुधखुळा आहे? रंगारी चौकटीभोवती रंग देऊन गेला, हिनं तुम्हाला पत्र लिहिलं, आणि मला दुपारचा दुसरा चहा न मागता मिळू लागला.

बाबांचं आणि माझं कधी जमलं नाही, हे तुम्ही जाणताच. पहिल्याच भेटीत हेडमास्तरांनी मला विचारलं होतं, ‘डोळे तपासता की खिसे?’ हल्ली रोज सकाळी टॉर्च घेऊन त्यांच्यापुढे उभा राहतो, मान वाकडी करून मागे बघतो. शाळाभर ज्यांचा धाक, त्यांच्याच पाठीशी एका मुक्या जिवाला निर्धास्त वाटलं. मला याचा अभिमान वाटतो. तुम्हालाही वाटायला हवा.

तुमचा,
मेहुणा

ता. क. रिकाम्या हातानं नकार देत नाही. भिंतीवरच्या बाबांचाच फोटो काढून मोठी प्रत सोबत पाठवतोय. डाव्या खांद्यावर दिसतो तो बिल्ला नाही, तीच आहे. ऐन वेळी काचेवर आली. पण इतकी सुरेख आली आहे की पुसून टाकायला मन होईना.

आणखी एक. खरं तर एवढ्याचसाठी लिहायला बसलो. शाळेला प्रतच हवी होती, असं तुम्ही हिला आपणहून कळवा. अंड्यांचं तिला कळलं तर बाबा भिंतीवरून उतरतील आणि मी घरातून.

दादा, आता मी लिहितेय. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं, यावरून काय ते ओळख. अरे, त्या चौकटीवरची धूळ काय हे पुसतात? अंडी मी पहिल्याच दिवशी पाहिली. रंगाऱ्यापुढे माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते हसू दाबून दाबून. तरी यांच्या मायेबद्दल तुला लिहिलं ते खोटं नव्हे. माणूस पाठवू नकोस, शाळेत प्रतच लाव, खांद्यावरच्या तिच्यासकट. आणि मला माहीत आहे हे यांना कळू देऊ नकोस. बाबा गेल्यापासून यांनी त्या फोटोकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. आता रोज दुकानात जाताना टॉर्च विझवतात आणि हळूच म्हणतात, ‘येतो, बाबा.’ मी आतून ऐकते.