सोनेरी केसांची नऊ मुले

७ जानेवारी १९९५, शनिवार. शॉमबर्ग.

क्रमाने लिहिते. पुढे कोणी विचारले तर उत्तर तयार असावे. बहुधा विचारणारी मीच असेन.

एक. चित्रपट वीस मिनिटांचा, कृष्णधवल, सोळा मिलिमीटर. नाव ‘गुणी मुले’. दोन. स्थळ हिटलरच्या काळातील जर्मन खेड्यातली शाळा. मास्तर मुलांना डोकी मोजायला आणि शुद्ध रक्त ओळखायला शिकवतात. मुले इतकी आज्ञाधारक की अखेरीस मास्तरांचेच डोके मोजतात, ते नापास ठरते, आणि मुले अत्यंत नम्रपणे त्यांना पोलिसांच्या हवाली करतात. तीन. बावीस वर्षे जर्मन शिकवते आहे, बारा पुण्यात, दहा इथल्या कॉलेजात. हा विषय मला कोणी समजावून देण्याचे कारण नाही. चार. इथल्या गोऱ्या अमेरिकन पालकांनी तो नाझी गणवेश आपल्या मुलांच्या अंगावर चढवू देण्यास नकार दिला. एकूण एक. पाच. म्हणून इथल्या मराठी मंडळातली नऊ मुले घेतली. काळ्या केसांची, सावळी नऊ मुले ‘आम्ही सोनेरी केसांची’ असे घसा ताणून म्हणणार. ही तडजोड नव्हे, चित्रपटाचा प्राणच हा आहे. (हे दुसऱ्या दिवशी लक्षात आले. पण आले.) सहा. चित्रीकरण शनिवारी, कॉलेजच्या तळघरातल्या वर्गात. मार्चअखेर लघुपट महोत्सव.

चिंता एकच. नऊ मुलांना काळाचा वास कसा द्यायचा?

१४ जानेवारी, शनिवार

पहिला दिवस. गाड्या बर्फातून उकरून काढून सगळे वेळेवर आले, फक्त माझी मैत्रीण शैला वीस मिनिटे उशिरा. तिचा ओंकार गणवेशात च्युइंगम चघळत होता.

मास्तरांच्या भूमिकेत वॉल्टर, आमच्या कॉलेजचा निवृत्त नाट्यशिक्षक. उच्चार स्वच्छ. ध्वनिमुद्रण मेश्राम करतात. नागपूरचे, इथे एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये, पण कान संगीतकाराचा. पटकथा सबंध वाचून प्रश्न विचारणारा हा एकच पालक. त्यांची मैत्रेयी, वय नऊ, वर्गप्रमुख. तिला एकदा सांगितले की पुरते.

बाकीच्यांकडून पाढे घोकून घेतात तशी वाक्ये घोकून घेतली. चाळीस वेळा. वॉल्टर म्हणाला, “नीला, दे आर चिल्ड्रन.” मी म्हटले, म्हणूनच.

२१ जानेवारी, शनिवार

कवायतीचा प्रसंग झाला. टाचा एका आवाजात जुळेपर्यंत सोडले नाही. मेश्राम हेडफोन काढून म्हणाले, “ताई, आता नऊ टाचांची एक टाच झाली. भीती वाटते हो ऐकताना.” याहून मोठी पावती नको.

२४ जानेवारी, मंगळवार

शैलाचा फोन. “अगं, काय जादू केलीस! ओंकार जेवायला बसायच्या आधी टाचा जुळवतो. पानात टाकत नाही. कारली खाल्ली काल! माझ्या सासूबाई म्हणतात, ह्या बाईंना म्हणावं वर्षभर शूटिंग करा.”

हसले. फोन ठेवल्यावर हसू टिकले नाही. शिस्त म्हणजे काय, हे विडंबन म्हणून शिकवले आणि घरी ते शिस्त म्हणून पोचले. आणखी दोन आयांचे असेच फोन आले. एकीने आभाराबरोबर चकल्या पाठवल्या.

माझे यजमान वसंत चकली खात म्हणाले, “तुझा मास्तर नापास होतो तो भाग मुलांना सांगितलायस ना?” सांगितलेला नाही. अभिनयात निरागसता हवी म्हणून शेवट मुद्दाम राखून ठेवला आहे.

२८ जानेवारी, शनिवार

प्रसंग सात पुढे उभा ठाकला आहे. त्या काळी मुलांना शाळेत पूर्वजांची पुस्तिका दाखवावी लागे: आईवडील, आजी-आजोबा, पणजोबा, प्रत्येकाचे गाव, धर्म, विवाह. पडद्यावर ती पुस्तिका अगदी जवळून दिसणार. सगळ्या मीच लिहिल्या तर नऊ पुस्तिकांत एकच हस्ताक्षर दिसेल, आणि ते मला चालणार नाही. म्हणून मुलांबरोबर कोरे तक्ते घरी पाठवले. खरी नावे, घरच्यांच्या हातची, काळ्या शाईत. नमुना म्हणून माझ्या माहेरचा भरलेला तक्ता जोडला. वरती ठळक सूचना: खोटे काहीही लिहू नये, कॅमेऱ्याला कळते.

४ फेब्रुवारी, शनिवार

तक्ते आले. थक्क झाले.

मी तीन पिढ्या मागितल्या होत्या. कोणी सात दिल्या, कोणी समासात वळून अकरा. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, इनाम. मी छापलेल्या रकान्यांत ही माहिती नव्हतीच. लोकांनी स्वतः रेघा मारून रकाने वाढवले. शैलाच्या सासऱ्यांनी तळटीप दिली आहे: ‘सर्व विवाह ज्ञातीतच.’ खाली सही.

असा पुरावा मला सात जन्मांत लिहिता आला नसता. जर्मन कागदांत हेच होते, ह्याच अभिमानाने, ह्याच सुवाच्य अक्षरात. वॉल्टरला दोन तक्ते इंग्रजीत सांगितले, तो बराच वेळ मान हलवत राहिला.

मैत्रेयीचा तक्ता छोटा. वडील, आजोबा. पणजोबांच्या जागी मेश्रामांच्या अक्षरात: ‘नाव कोणी लिहून ठेवले नाही.’ धर्म: बौद्ध. पडद्यावर शोभणार नाही म्हणून तो गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला.

‘शोभणार नाही’ हे वाक्य आज सहज लिहिले गेले.

११ फेब्रुवारी, शनिवार

प्रसंग सात. संध्याकाळचे सात.

पटकथेत असे आहे: ओंकारच्या तक्त्यावर शाईचा डाग पडतो, पणजीच्या नावावर. मास्तर विचारतात, ह्या वर्गात कोणाचे रक्त संशयास्पद आहे? सगळी मुले ओंकारकडे बोट दाखवतात. तो उठून कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे. अकरा तालमी झाल्या. अकराही वेळा बोटे ओंकारकडेच.

जेवणाच्या सुट्टीत मुलांनी तक्ते उघडून पाहिले. मी दिव्यांच्या मागे लागले होते.

कॅमेरा सुरू. वॉल्टरने प्रश्न विचारला. आठ बोटे उठली, ओंकारचेही त्यांत, आणि आठही मैत्रेयीकडे.

मैत्रेयीने एकदा माझ्याकडे पाहिले. मग ती उठली, टाचा जुळवल्या, कोपऱ्यात गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिला तिची वाक्ये येत होती आणि ओंकारचीही. म्हणाली, “आय थँक द क्लास फॉर करेक्टिंग मी.” आवाज कापला नाही.

कट म्हणायला मला चाळीस सेकंद लागले. मोजली आहेत, कारण मी घड्याळाकडे पाहत होते: फिल्म पुरेल की नाही.

नंतर ओंकारला खांदे धरून विचारले, हे तू कोणाच्या सांगण्यावरून केलेस?

“नोबडी! काकू, माझा डाग तर फेक आहे. हर्स इज ॲक्च्युअली एम्प्टी. यू सेड नो फेक.”

मेश्रामांनी हेडफोन उतरवले. केबल नेहमीप्रमाणे कोपर ते अंगठा अशी नीट गुंडाळली. मला म्हणाले, “ताई, आवाज ओके आहे.” मुलीला कोट घातला. टेप घेऊन गेले.

१२ फेब्रुवारी, रविवार

दोनदा फोन केला. आन्सरिंग मशीन. निरोप ठेवला नाही. यंत्राला काय सांगायचे असते?

शैलाला सगळे सांगितले. तिचे उत्तर जसेच्या तसे: “मुलं आहेत गं. तू सगळ्याचा प्रबंध करतेस. मेश्रामांना वाईट वाटलं असेल तर बोलू मी त्यांच्याशी. पण मला सांग, त्यात खोटं काय होतं? नाहीयेत त्यांच्याकडे नावं, तर नाहीयेत.”

मी म्हटले, तू त्यांच्याशी बोलू नकोस. आवाज चढला. सत्तावीस वर्षांच्या मैत्रीत पहिल्यांदा.

१५ फेब्रुवारी, बुधवार

माझा नमुन्याचा तक्ता काढून पाहिला. नऊ पिढ्या. तीन पुरल्या असत्या. आणि रकान्यांबाहेर ‘गोत्र’ हा शब्द पहिल्यांदा कोणी लिहिला? मी. माझ्याच अक्षरात, अधोरेखित. बाकीच्यांनी नमुना गिरवला.

त्या मुलांना मी पुस्तकांतला फॉर्म इतक्या काटेकोरपणे बनवून दिला की आमच्या घरांत तो विनासायास भरला गेला. फक्त एका घरात

वसंत जेवायला बोलावत आहेत. वाक्य सुचत नाही.

१८ फेब्रुवारी, शनिवार

चित्रीकरण रद्द केले. पालकांना कारण दिले: वॉल्टरचा घसा. मी खोटे बोलले.

२२ फेब्रुवारी, बुधवार

लॅबमधून रीळ आले. वॉल्टर आणि मी, कॉलेजात, आवाजाविना पाहिले.

मी आयुष्यात इतके चांगले काही केलेले नाही. आठ बोटे, मग ती पाठ, भांगाची पांढरी रेघ, सरळ मान. सगळा विनोद त्या पाठीपाशी येऊन थांबतो.

दिवे लागल्यावर वॉल्टर म्हणाला, “दॅट्स युवर फिल्म. द रेस्ट इज अ स्किट.”

मी म्हटले, ती अभिनय करत नव्हती. तो म्हणाला, “आय नो. सो डू यू.” मग कोट घेऊन निघून गेला.

तो प्रसंग ठेवला तर नऊ वर्षांच्या मुलीला सभागृहभर लोकांसमोर पुन्हा पुन्हा त्या कोपऱ्यात उभे करते. काढला तर उरते ते मंडळाच्या गॅदरिंगमधले नाटुकले, आणि त्या दिवशी काही घडलेच नाही असे मीच पुराव्यासकट ठरवते. दोन्ही बाजू लिहून काढल्या. पाच पाने. फाडली.

२६ फेब्रुवारी, रविवार

मेश्रामांनी फोन उचलला. मी तयार केलेले वाक्य म्हणू लागले, त्यांनी मध्येच थांबवले.

“ताई, माफी नका मागू, मला कसं घ्यायचं कळत नाही. मी तो फॉर्म दोन दिवस घेऊन बसलो होतो. नागपूरला आईला फोन लावला. पणजोबांचं नाव तिलाही येईना. म्हणाली, त्याला गावात हाकच वेगळी मारत, ती लिहू नको. मग जेवढं खरं तेवढं लिहिलं. तुम्हीच सांगितलं होतं ना.”

“फॉर्म परत का नाही पाठवलात?”

“पोरगी मेन रोल करत होती ताई. मले वाटलं, पिक्चर आहे, चालते.” त्यांच्या तोंडून नागपुरी बोली मी पहिल्यांदा ऐकली.

टेप? “आहे. पुसली नाही. माइक मुलांच्या बाकाजवळ होता. बोटं उठायच्या आधी ओंकार हळूच म्हणतो, ‘मॉम सेज दे डोन्ट हॅव गोत्र.’ ते मी हेडफोनवर ऐकलं. आणि तरी तुम्ही कट म्हणायची वाट पाहिली.”

मी म्हटले, प्रसंग ठेवायचा की जाळायचा, तुम्ही सांगाल तसे. लगेच, आज.

“मला नका विचारू. कोपऱ्यात मी उभा नव्हतो. तिला विचारा. आणि फोनवर नको. फोनवर ती तुम्हाला ‘ओके मावशी’च म्हणेल. सगळ्यांना तेच म्हणते.”

४ मार्च, शनिवार

महोत्सवाला प्रसंगांची अंतिम यादी द्यायची ती शुक्रवारी. पत्राचे सात मसुदे. पहिल्यात इतिहास होता, तिसऱ्यात माझी बाजू, पाचव्यात मी स्वतःला इतके झोडपले होते की उत्तर देणारीने माझेच सांत्वन करावे. सगळे रद्द. इंग्रजीत लिहून पोस्टात टाकले, सोबत कोरा कागद आणि पत्ता लिहिलेले पाकीट. इथे मराठीत उतरवून ठेवते.

चि. मैत्रेयी,

त्या दिवशी तू मला पाहिलेस तेव्हा मी थांबवायला हवे होते. मी थांबवले नाही. तुझ्या तक्त्यात काही उणे नव्हते. तो तक्ता घरी पाठवला ही चूक माझी होती. चित्रपटाच्या शेवटी मास्तर नापास होतो. हे तुला मी आधीच सांगायला हवे होते.

तुझी पाठ दिसते तो भाग माझ्याकडे आहे. तो लोकांना दाखवायचा की नाही, हे तू ठरव. हो म्हटलेस तरी मी रागावणार नाही, नाही म्हटलेस तरी नाही, आणि दोन्हीपैकी एखादे उत्तर ‘गुणी मुलीचे’ असे काही नाही. बाबांना विचारू नकोस. मला बरे वाटावे म्हणून काही लिहू नकोस.

फोन करू नकोस. उत्तर मला कागदावर हवे, तुझ्या हातचे, शुक्रवारपर्यंत.