जुळलेला आकडा

प्रिय आई,

इथूनच तुझ्या पाया पडते. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते.

कवटीला भोक न पाडता, मिटलेल्या पापणीवर यंत्र टेकवून डोक्यातला दाब मोजायची आमची खटपट तुला ठाऊकच आहे. आज पहिल्यांदाच आमचा आकडा पेशंटच्या डोक्यात दाब मोजायला घातलेल्या तारेच्या आकड्याशी तंतोतंत जुळला. मी आनंदाने ओरडलेच गं.

त्याची बायको धावत आली. "ताई, म्हणजे बरं आहे ना?"

दोन्ही आकडे धोक्याच्या रेषेवर चढतच होते. मी म्हणाले, "बरं आहे." संध्याकाळी तो गेला.

बाबांची डोकेदुखी थांबली का? नुसतं "बरं आहे" लिहू नकोस. हे शब्द माणूस कसे म्हणतो, मला आता माहीत आहे.

तुझीच,
धाकटी