एकाच नंबरावर दोघं

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? मामीचा राग ओसरला असेल तर तिलाही नमस्कार सांगा. नसेल तर माझं पत्र आलंय हे कळूच देऊ नका. आम्ही इकडे मजेत आहोत, म्हणजे बाबा माझ्याशी बोलत नाहीत. (कॉलेज सोडल्यापासून ते माझ्याविषयी फक्त आईशी बोलतात, तेही मी समोर असताना.) फोनच केला असता, पण तो त्यांच्या खुर्चीशेजारी असतो आणि विषय नाजूक आहे.

विषय कॉम्प्युटरचा. आमच्या राउटरची एक वायर खिडकीतून खालच्या मजल्यावर सोडली आहे. खाली शिवणकाम करणाऱ्या काकू आणि त्यांची मुलगी. (मुलीबद्दल सविस्तर लिहीत नाही, कागद पुरायचा नाही.) तिचा कॉम्प्युटर मीच जोडून दिला. तुम्ही शिकवलं होतं, नेटवर्कवरच्या प्रत्येक कॉम्प्युटरला एक नंबर लागतो. तिला मी चौदा दिला. मग वर येऊन स्वतःलाही चौदाच दिला. का, ते विचारू नका. एक छप्पर, एक वायर, एक नंबर, असं काहीसं मनात होतं.

दुसऱ्या दिवसापासून दोन्हीकडच्या कनेक्शनला फेफरं येऊ लागलं. माझा स्वभाव तुम्ही जाणता. कनेक्शन गेलं की मी माझ्या कॉम्प्युटरचा प्लग उपटायचो, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो आणि तणतणत खाली जायचो. मी पोचेपर्यंत तिचं सुरू! काकू म्हणायच्या, पोराच्या हाताला गुण आहे. चहा व्हायचा. वर येऊन मी माझा सुरू केला, की खालून तिची हाक, "अहो इंजिनिअर, गेलं की पुन्हा!" चार दिवसांत नऊ वेळा खाली गेलो, मामा. असं सुख कॉलेजात नव्हतं.

पाचव्या दिवशी पडद्यावरची सूचना प्रथमच नीट वाचली: हा नंबर नेटवर्कवर आणखी कोणीतरी वापरत आहे. माझं डोकंच फिरलं. तिचा नंबर वापरणारा हा नराधम कोण? (माझाही तोच आहे, हे रागाच्या भरात सुचलंच नाही.) संशय समोरच्या दातांच्या डॉक्टरवर, कारण त्याची खिडकी तिच्या खिडकीकडे बघते. तसाच दवाखान्यात घुसलो आणि गरजलो, "चौदा नंबर तुम्ही घेतलात?" पेशंटच्या तोंडातून डोकंही वर न काढता तो म्हणाला, "तुमचा एकविसावा. बसा." बसलो. बसलं की माझा राग उतरतो, आणि राग उतरला की थोडी अक्कल येते. माझा नंबर लागण्याआधीच गुन्हेगार सापडला होता.

घरी येऊन लगेच दुरुस्त करायला हवं होतं. पण उद्या, शुक्रवारी अकरा वाजता तिची कॉम्प्युटरवरूनच मुलाखत आहे असं ऐकलंय आणि नोकरी परगावची. मुलाखत बुडाली तर ती इथेच राहते. दोन दिवस मी गप्प आहे. तुमच्या भाच्याच्या मनात एवढा नीचपणा आला, तो कबूल करायला हे पत्र. भेटाल तेव्हा कान पिळा.

तुमचा (अजून म्हणवून घेणार असाल तर)
भाचा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, बरंच झालं. सकाळी खालून मशीनच्या घरघरीत तिचा आवाज आला, मुलाखतीची उत्तरं घोकत होती असं वाटलं. मला ऐकवेना. साडेदहापासून माझ्या कॉम्प्युटरचा उपटलेला प्लग मुठीत धरून बसलो. साडेअकराला ती स्वतःच वर आली. मुलाखत तिने बुधवारीच मैत्रिणीकडे जाऊन दिली होती. आज निकाल होता. नोकरी लागली. ती सूचना म्हणे तिच्याही पडद्यावर पहिल्या दिवसापासून येत होती. मग बोलली का नाहीस, तर म्हणाली, "म्हटलं, बघू तरी, तू किती जिने चढतोस-उतरतोस."

ता. क. २. आता खरं काम. तिचं नवं ऑफिस तुमच्याच गावात आहे, आणि तिथले कॉम्प्युटर दुरुस्तीला तुमच्या दुकानाकडे असतात असं मामी एकदा म्हणाली होती. बाबांना फोन करून सांगा, पोराला दुकानात शिकायला पाठवा. त्या ऑफिसचं नेटवर्क सध्या ठणठणीत चालतंय, हे मला माहीत आहे. तुम्ही फक्त मला बोलवा, नंबर द्यायचं काम माझं.