आवाज साफ केल्याबद्दल

आदरणीय अक्का,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? पत्रात तुम्ही डाव्याबद्दल लिहिलं होतं आणि फोनवर उजव्याबद्दल बोललात, तेव्हा दोन्हींची खुशाली कळवावी. माझी तब्येत उत्तम. (भूक नाही, झोप नाही, बाकी उत्तम.)

तुमच्या धाकट्या बहिणीला जाऊन आठ महिने झाले. तिने मुलांसाठी लिहिलेल्या, स्वतःच्या आवाजात वाचलेल्या गोष्टी माझ्या कॉम्प्युटरात नुसत्या पडून होत्या. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, आमच्या संकेतस्थळावर ठेवा आणि खुला परवाना द्या, म्हणजे कोणालाही न विचारता वापरता येतील. मला पटलं. तीही कोणाला नाही म्हणायची नाही (मी सोडून). बाईंनी अर्ज पुढे केला. वापरणाऱ्याने तिचं नाव द्यायलाच हवं, हे ठीक. पण कोणी त्यात बदल केले तर? विकल्या तर? अक्का, मी एकतीस वर्षं ना हरकत दाखल्यांच्या खिडकीवर बसलो. रकाना दिसला की हात आपोआप ‘हरकत नाही’ लिहितो. बाई सांगत होत्या, काका, नीट वाचा, ‘बदल नकोत’ असंही म्हणता येतं. पण वाचायला चष्मा लागतो, आणि तो सापडत नव्हता.

महिन्याभराने कुठल्याशा शाळेतल्या शिक्षिकेने मुंगीच्या गोष्टीचा आवाज साफ करून पाठवला. वाचनालयाने विचारलं, जुनीच्या जागी हीच ठेवू का? मी काय म्हणालो असेन ते तुम्ही ओळखलंच असेल.

मग मी ती ऐकली. खोकला गेला, दाराची घंटा गेली, आणि अक्का, मीही गेलो! मुंगी वारुळाची वाट विसरते, तिथे मी मध्येच विचारतो, “अगं, माझा चष्मा पाहिलास का?” ती म्हणते, “अहो, डोक्यावर आहे,” आणि पुन्हा मुंगी सुरू. (ऐकून तुम्हीच म्हणाला होतात, हे मध्येमध्ये कशाला कडमडतात.) शिक्षिकेच्या लेखी ती सगळी खरखर.

तावातावाने वाचनालयात गेलो. म्हटलं, परवाना रद्द करा. बाई हळूच म्हणाल्या, काका, आम्ही इथून गोष्ट काढू शकतो, पण ज्यांनी घेतली त्यांच्याकडून परवानगी परत घेता येत नाही. शिक्षिकेने नाव दिलंय, काय बदललं तेही लिहिलंय. तिचं काहीच चुकलेलं नाही. दिलेला दाखला परत घेता येत नाही, हे मी एकतीस वर्षं खिडकीच्या आतून लोकांना ऐकवलं. बाहेर उभं राहून ते कसं लागतं, हे आता कळलं. घरी येऊन रडलो.

तरी काळजी नसावी. मुलं गोष्ट ऐकतात, हे तिला आवडलं असतं. गुडघ्यांना जपावं.

आपला,
मध्येमध्ये कडमडणारा मेहुणा

ता. क. – वाचनालयातली जुनी पुसली गेली, शिक्षिकेनेही ठेवलेली नाही. मूळ गोष्ट माझ्या कॉम्प्युटरात असेलच, असं तुम्हाला वाटेल. नाही. पोच मिळाली की आपल्याकडची प्रत फाडायची, ही ऑफिसची सवय. पण तिने ती तेव्हा तुमच्या फोनवर पाठवली होती. पुसली नसेल तर पाठवा. हात जोडतो, साफ करू नका.

ता. क. २ – तुम्ही म्हणाल, साफ केलेली आहे ना तुमच्याकडे. आहे. तीत ती फार सुंदर वाचते. पण माझ्याशी बोलत नाही.