फरशीचा ढाळ

शनिवार, ३ मे

ठरलं! फोडाफोडी नाही. हॉलमधल्या जुन्या मोझेकवरच नवी फरशी — आणि मीच बसवणार! कामगार नको. सिहाम म्हणाली, "गल्ल्यावर बसून पोट सुटलंय. गुडघे वाकतील का?" हसू दे बायकोला. आज जॉर्डनच्या या इर्बिद शहरात माझं टाइल्सचं दुकान आहे, ते याच गुडघ्यांवर नि एका थापीवर उभं राहिलंय.

कुतैबाच्या घरची वडीलधारी मंडळी सोळा तारखेला, शुक्रवारी, आमच्या लमीसला मागणी घालायला येणार. तोवर हॉल चकाचक! मुलगी द्यायची की नाही, ते मात्र माझं अजून ठरत नाही.

रविवार, ४ मे

हातोडीच्या दांड्याने ठोकत हॉलभर रांगलो. कान अजून शाबूत! भरीव फरशी 'टक्' बोलते, पोकळ 'डब्ब'. पोकळ निघाल्या त्या उचकटून खाली माल भरला. पोकळावर नवी बसवली की तडा ठरलेला.

संध्याकाळी कुतैबा आला. विम्याच्या कचेरीत कारकून. म्हटलं, "करडा रंग घेतोय."

"उत्तम, काका."

"की बदामी घेऊ?"

"तोही उत्तम, काका."

तो गेल्यावर सिहामला म्हटलं, "पोरगा डब्ब वाजतो. पटत नाही तर तसं तोंडावर सांगावं की!" ती कप उचलून आत गेली.

मंगळवार, ६ मे

नवा माल घट्ट धरावा म्हणून जुन्या फरशीला छिन्नीने टाचे मारून झाले. दाराची खालची कड तासून घेतली, नाहीतर नव्या उंचीला दार अडलं असतं.

सिहाम कमरेवर हात ठेवून उभी. "आणि पाणी? ते कुठे जाणार?" जुन्या फरशीला स्वयंपाकघराजवळच्या जाळीकडे ढाळ आहे. मला तो झोल दिसतो, डोळ्यात खुपतो. म्हटलं, "बादल्या ओतायचे दिवस गेले. आता ओला पोछा."

"पोछ्याने घर धुतलं जात नाही हो, अबू लमीस. घाण नुसती या खोलीतून त्या खोलीत पाहुणी जाते!"

शुक्रवार, ९ मे

पहिल्या ओळी बसल्या!! हात काहीच विसरलेले नाहीत. गुडघे मात्र शिव्या देतायत.

सोमवार, १२ मे

संपलं! लेव्हलचा बुडबुडा बरोब्बर मधोमध. काचेची गोटी ठेवली — जागची हलली नाही! दुकानातली माणसं बघून गेली, शेजारचा अबू नायफ दोनदा येऊन गेला.

मग कुतैबा. बूट काढले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मी 'उत्तम, काका'ची वाट बघतोय. तर म्हणतो, "काका, याला ढाळ कुठाय? काकू पाणी ओततील, ते जाणार कुठे?"

मला! माझ्या घरात! हयात गेली माझी फरश्या बसवण्यात! लमीसचा चेहरा पांढराफटक. सिहाम आपली चहात साखर ढवळतेय, ढवळतेय.

ठरलं. शुक्रवारी नाही म्हणणार. त्यांची कॉफी समोर थंड होऊ दे.

शुक्रवार, १६ मे

सकाळी सिहामने बादली ओतली. एक नव्हे — तीन! मी ओरडेपर्यंत पाणी जाळीकडे पाठ फिरवून थेट बैठकीच्या गाद्यांखाली. नवा सूट घातलेला मी, विजारीचे पाय गुंडाळलेले, हातात वायपर! ढकलतोय तिकडे, येतंय इकडे. पाण्याला माझ्या दुकानाची काय पत्रास!

दुपारी मंडळी आली. गाद्या गच्चीवर वाळत, म्हणून सगळे शेजाऱ्यांच्या खुर्च्यांवर. कुतैबाच्या आजोबांनी कॉफीचा पेला हातात घेतला आणि रीतीप्रमाणे न पिता खाली ठेवला. "मुलगी मिळाल्याशिवाय घोट घेणार नाही."

मी कुतैबाकडे बघितलं. त्याची नजर माझ्या ओल्या विजारीवर. हसला नाही पठ्ठ्या.

म्हटलं, "हाजी, कॉफी घ्या. मुलगी तुमची. अट एकच — नातवाने येऊन ही फरशी माझ्याबरोबर उखडायची आणि ढाळ देऊन पुन्हा बसवायची!"

काय हशा! म्हाताऱ्याने पेला एका घोटात रिकामा केला. आतून बायकांचा आनंदाचा गजर. भरीव पोरगा. मीच ओळखला!

शनिवार, २४ मे

लमीसच्या तोंडून आज निसटलं — "बाबा, ढाळ कशाशी खातात ते तरी त्याला ठाऊक होतं का! आईने घोकून घेतलं त्याच्याकडून."

सिहामला विचारलं. "मग? मी सांगून ऐकलं असतंत?"

हॉलमध्ये कुतैबा छिन्नी चालवतोय. तळहाताला फोड आलेत, थांब म्हटलं तर म्हणतो, "नाही काका, ही ओळ संपवूनच." डोळे मिटून कान दिला.

टक्. टक्. टक्.