आवाज ज्यांचे त्यांना

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धर्म व आंतरराष्ट्रीय संबंध या विषयांचा निवृत्त प्राध्यापक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचे दडपण नाही, नशापाणी केलेले नाही. डोक्यात राग आहे, पण डोके ठिकाणावर आहे. हे मुद्दाम नमूद करतो. कारण पुढे येईल.

१. राहते घर पत्नीच्या हयातीत तिचे, तिच्या पश्चात मुलीचे. बँकेतील ठेवी दोघींना निम्म्या-निम्म्या. सर्व मिळकत स्वकष्टार्जित आहे. वडील लाऊडस्पीकर भाड्याने देत. चर्चच्या सभांना तारा ओढायला मी जायचो आणि पडद्यामागे बसून प्रवचने ऐकायचो. वक्ता कुठे मनापासून बोलतो आणि कुठे वेळ मारून नेतो, ते आवाजावरून कळू लागले. त्याच कानांवर पुढे डॉक्टरेट मिळाली. विभागात मात्र शेवटपर्यंत मी "भोंगेवाला". तेही मी जिना उतरेपर्यंत त्यांना दम निघत नसे, पाठीमागून सगळे ऐकू येई.

२. हेडफोन आणि सोल्डरिंगची हत्यारे जावयांना. या घरात समोरच्याचे बोलणे पुरे होऊ देणारे ते एकटेच.

३. मेहुण्यांनी प्रत्येक समारंभात "आमचे भाऊजी पाद्री झालेत" अशी माझी ओळख करून दिली. त्यांना जागतिक ख्रिस्ती धर्मावरचा माझा जाडजूड ग्रंथ देतो. मी पाद्री नसल्याचे पहिल्याच पानावर छापले आहे.

४. आता ज्यासाठी हा कागद लिहायला बसलो ते.

टायरच्या दुकानावरच्या खोलीत परदेशातून आलेल्या बायका रविवारी प्रार्थनेला जमत. बहुतेकजणी हॉटेलांच्या लॉन्ड्रीत कामाला. ख्रिस्ती धर्म देशोदेशी कसा चालत जातो, हे मला तिथे उमगले. सगळ्या एकदम, मोठ्याने, आपापल्या भाषेत देवाला गाऱ्हाणे घालत. कोणाचा भाऊ लपून बसलेला, कोणाची बहीण सरहद्द ओलांडायच्या बेतात. नावे, गावे, वाटा, सगळे सांगून मोकळ्या होत.

माझ्या संशोधनासाठी या प्रार्थना कॅसेटवर घ्यायला परवानगी देताना तिथल्या थोरल्या मावशींनी विचारले, "दादा, हे आम्ही देवाला सांगतोय. सरकारला नाही ना कळणार?"

मी म्हणालो, "मावशी, माझ्या कानापुढे जाणार नाही."

तेव्हापासून माझ्याही नावाने प्रार्थना होऊ लागली: "देवा, ह्या भोंगेवाल्याला झोप लागू दे, आणि चहात साखर कमी घ्यायची बुद्धी दे." मी त्यांच्यातला नाही. त्यांना त्याने काही फरक पडला नाही.

पुढे विभागाचे "धर्म व सुरक्षा अध्ययन केंद्र" झाले. परराष्ट्र खात्याचे सल्लागार या कॅसेटसाठी चकरा मारू लागले. सध्याचा विभागप्रमुख माझाच विद्यार्थी. मला म्हणतो, "सर, नुसते आवाज तर आहेत. देऊन टाका ना!"

नुसते आवाज! बाई रडत रडत भावाच्या लपण्याची जागा देवाच्या कानात सांगते, आणि हे त्याला "डेटा" म्हणणार! कोणत्या तोंडाने? मी साफ नाही म्हटले. तेव्हा बाहेर कॉरिडॉरमध्ये सल्लागाराला सांगत होता, "थांबा जरा. म्हातारा गेला की कोर्टात सांगू, शेवटी शेवटी डोकं ठिकाणावर नव्हतं." मी जिन्याच्या वळणावरच होतो.

कॅसेट आजच परत करायला गेलो होतो. मावशी म्हणाल्या, "आमच्या खोलीला धड कुलूप नाही. तुम्ही आहात तोवर तुमच्याकडे. नंतर माझ्या हातात द्या, मी बघते."

म्हणून सर्व कॅसेट, आणि माझ्या पगारातून घेतलेला रेकॉर्डर, यांच्या संपूर्ण मालक माझ्या पश्चात थोरल्या मावशी. ठेवोत, पुसोत, जाळोत. मुलीने त्या स्वतः, मी गेलो त्याच दिवशी पोहोचवाव्यात. सांत्वनाला येणाऱ्यांचा चहा नंतर. प्रती काढलेल्या नाहीत.

५. विभागाला तिथले माझे लोखंडी कपाट. कॅसेट त्यातच आहेत असे समजून त्यांनी वर आपले कुलूप लावले आहे. आत माझी वर्गातली व्याख्याने आहेत. विभागप्रमुख त्या तासांना मागच्या बाकावर झोपायचा. आता निवांत ऐकावीत.

६. साक्षीदाराने फक्त सही होताना पाहायची असते, मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. "कॅसेटची व्यवस्था लावतोय, साक्षीला ये," म्हटल्यावर विभागप्रमुख म्हणाला, "आत्ता येतो, सर!" व्यवस्था कोणाच्या नावे, हे त्याने विचारले नाही. तो शेवटच्या पानाखेरीज काही वाचत नाही, हे त्याचा प्रबंध तपासतानाच मला कळले होते. शेवटचे पान त्याच्यासाठी सोडले आहे.

(पान शेवटचे)

हा कागद मी दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करून पुरा केला.

स्थळ: माझे जेवणाचे टेबल
दिनांक: चौदा नोव्हेंबर, गुरुवार
(सही) लिहून ठेवणार

साक्षीदारांचा अभिप्राय, ज्याच्या त्याच्या अक्षरात:

१. "सहीपूर्वी तपासले. तब्येत वयाच्या मानाने उत्तम. स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी."
(सही) घरचे डॉक्टर

२. "सरांना विद्यार्थीदशेपासून ओळखतो. सही माझ्यासमोर केली. डोकं अगदी ठिकाणावर आहे, हे कुठेही सांगायला तयार आहे."
(सही) विभागप्रमुख